नळीवरचा नंबर

अंजूरचे पंढरीशेठ पाटील आयुष्यात एकदाही फसले नव्हते. निदान ते स्वतः तसं सांगत. देवळात प्रसाद घेतानाही पुजाऱ्याने शेजारच्याला मोठा तुकडा दिला का, हे बघितल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे. गोदूबाई तर म्हणायच्या, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ह्यांनी हार घालायच्या आधी माझं तोंड नीट निरखून घेतलं, पाहिलेली मुलगी तीच आहे ना म्हणून. सगळे हसायचे. शेठ हसायचे नाहीत, कारण ते खरं होतं.

त्यांची ही कीर्ती पंचक्रोशीत पसरली ती एका वजनकाट्यामुळे. खाडीकाठची शेती जाऊन गोदामं उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. भरावाचे ट्रक ज्या काट्यावर वजनाला जायचे, तिथला माणूस काटा बघून आकडा लिहितो की गाडीचा नंबर बघून, अशी शेठना शंका आली. त्यांनी दोन ट्रकांच्या नंबरपाट्या गुपचूप अदलाबदल केल्या, एक भरलेला आणि एक अर्धा. पावत्या आल्या त्या पाटीप्रमाणे! अर्ध्या ट्रकाला भरल्या ट्रकाचं वजन. काटेवाल्याची सगळ्या नाक्यासमोर अब्रू गेली, आणि पंढरीशेठ पुढची वीस वर्षं ही गोष्ट जेवणाच्या पंगतीत सांगत राहिले.

अशा माणसाच्या एकुलत्या एका पोराला, चोवीस वर्षांच्या भाविकला, सप्टेंबरात डेंग्यू झाला. गावात घराआड एक आजारी होता. खाजगी दवाखानेवाले खोकला आला तरी आयसीयूत टाकतात, असं शेठचं ठाम मत, म्हणून त्यांनी पोराला भिवंडीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात नेलं. तिथे त्यांनी आईच्या नावाने पाण्याचा कूलर बसवला होता. तेव्हा तिथे आपल्याला कोणी गंडवणार नाही, असा त्यांचा निम्मा विश्वास होता. पुरा विश्वास त्यांनी अजून कुठेच ठेवला नव्हता.

वॉर्डात दहा खाटा आणि सतरा पेशंट. उरलेले खाली गाद्यांवर. भाविकच्या शेजारच्या खाटेवर दिघाशीच्या पाड्यावरची दिपिका होती, अठरा वर्षांची, बारावी होऊन गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला जाणारी. तिचा बाप जिव्या थोडी भातशेती करून बाकीचे दिवस मजुरीला जायचा. आई बुधी खाटेच्या पायथ्याशी बसून असायची. गोदूबाईंची आणि तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. दोघींची पोरं एकाच तापाने निजलेली, मग जातपात आणि शेठपणा कुठला आडवा येतो.

शेठचं मात्र वेगळंच चाललं होतं. भाविकच्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, बावीस हजारांवर आल्या होत्या. भिवंडीत त्या दिवसांत माणसं एकमेकांना भेटली की तब्येत विचारत नसत, पेशी किती असं विचारत. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, किवी, जो जे सांगेल ते गोदूबाई करत होत्या. शेठनी फोन करून रक्तदात्यांची फौज तयार ठेवली होती. त्या भरात त्यांनी पहिल्याच संध्याकाळी जिव्याला विचारलं, की तुझ्या पोरीचा रक्तगट कोणता रे. जिव्याने माहीत नाही म्हटलं आणि पोरीच्या उघड्या हातावर चादर ओढली. शेठना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते दिसेल त्याला हेच विचारत होते.

वॉर्डाच्या डॉक्टर होत्या मृणाली भोईर, काल्हेरच्या, म्हणजे आपल्याच समाजातल्या. दुसरा कोणी असता तर त्याला तेवढाच आधार वाटला असता. पण त्यांच्या आजोबांचं आणि शेठच्या वडिलांचं खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावरून एकदा वाजलं होतं, त्यामुळे शेठ उलट जास्तच सावध झाले. त्यात डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढे केला. रोज पेशींसाठी रक्त घेतात त्यासोबत आणखी एक नळी घ्यायची होती, एका अभ्यासासाठी. त्या नळीवर पेशंटचं नाव नसणार, नुसता नंबर. नाव न्हाय, नुसता नंबर, म्हणजे काहीतरी लपवायचं असणार! शेठनी कागद वकील भाच्याला फोनवर तीनदा वाचून दाखवला आणि मग सही करून खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "फक्त एक नळी."

मृणालीबाईंनी न चिडता समजावलं होतं. डेंग्यूत पेशी उतरतात हे खरं, पण जीव बहुतेकदा त्यापायी जात नाही. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. ते खराब झालं की वाहिनी झिरपायला लागते, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत उतरतं, आणि रक्तदाब कोसळतो. हे होतं ताप उतरल्यावर, घरच्यांना वाटतं आता बरं झालं तेव्हा. पण अस्तर बिघडायला लागलं की त्याच्या खुणा आधीच रक्तात दिसू लागतात. त्या मोजून, कोणाची वाहिनी झिरपणार हे दिवसभर आधी सांगता येतं का, ते त्या तपासत होत्या. अहवालात आकडा यायचा आणि त्यापुढे हिरवा किंवा लाल चौकोन.

मंगळवारी दुपारी पहिले अहवाल आले. बावीस हजारवाला भाविक हिरवा. आणि शेजारची दिपिका, जिच्या पेशी एक लाख दहा हजार होत्या, जिचा ताप नुकताच उतरला होता आणि जी आईशी हळूहळू बोलत भाकरी खात होती, ती लाल. वॉर्डात नर्सच्या टेबलाला लागून एकच खाट होती, जिथे तासातासाला रक्तदाब बघायचे. ती खाट दिपिकाला मिळाली. भाविक कोपऱ्यातच राहिला.

शेठ तडक मृणालीबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"माझ्या पोराच्या पेशी बावीस हजार, आन् तिच्या लाखाच्या वर. मंग धोका तिला कसा? मना येडा समजता का?"

"काका, भाविकला रक्तस्राव नाही, दाब चांगला आहे. पेशी चढतील आपोआप," बाई म्हणाल्या. "मला त्या मुलीची काळजी वाटते."

शेठ परत फिरले ते धुमसतच. आणि नेमकं तेव्हाच त्यांनी पाहिलं, की रक्त घेणारी मनिषा, जिच्या हातात रोज नळ्यांचा ट्रे असायचा, ती बुधीच्या शेजारी टेकून बसली होती आणि दोघी आपल्या बोलीत काहीतरी बोलून हसत होत्या. शेठनी गोदूबाईंकडून काढून घेतलं, की मनिषा त्याच बाजूची, दिघाशीच्या पलीकडच्या पाड्यावरची. झालं! शेठच्या मनात पाल चुकचुकली, आणि त्यांची पाल एकदा चुकचुकली की भिंत पाडल्याशिवाय गप्प बसत नसे. मनिषाला नंबर कोणाचा ते ठाऊक. प्रयोगशाळेत तिची ऊठबस. आपल्या माणसाला लाल चौकोन मिळवून द्यायचा, म्हणजे चांगली खाट मिळते, डॉक्टर सारखी बघते. म्हणजे इथेही काटा बघून लिहीत नव्हते, गाडी बघून लिहीत होते.

आता शेठना पुढचं सुचायला वेळ लागला नाही. वीस वर्षं पंगतीत सांगितलेली युक्ती ती.

बुधवारी सकाळी सातला मनिषा आली. शेठनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तिने भाविकच्या नळीवर त्याच्यासमोरच कालच्याच चौदा नंबरचं पिवळं स्टिकर लावलं, दिपिकाच्या नळीवर पंधरा. इथवर सगळं सरळ होतं. तेवढ्यात दारापाशी खाली गादीवर निजलेल्या म्हाताऱ्याला उलटी झाली आणि मनिषा ट्रे तसाच ट्रॉलीवर ठेवून धावली. शेठ उठले. स्टिकरचा डिंक अजून ओला होता, ते नखाने सहज निघालं. चौदा पंधरावर गेला आणि पंधरा चौदावर. पेशींच्या नळ्यांवर नावं होती, त्यांना त्यांनी हात लावला नाही. पेशींवर त्यांचा विश्वास होता. सगळं मिळून खोकल्याची उबळ यायला लागतो तेवढा वेळ लागला, आणि शेठ परत स्टुलावर येऊन पेपर वाचू लागले.

हिशेब सोपा होता. नंबर बघून लिहीत असतील तर आजही पंधरा लालच येणार, भाविकचं रक्त असूनही. मग सगळ्या वॉर्डासमोर ह्या बाईचं पितळ उघडं पाडायचं. शेठ मनातल्या मनात ते वाक्यही घोळवून ठेवत होते.

बाराच्या सुमाराला अहवाल आले. चौदा नंबर लाल. पंधरा हिरवा.

मृणालीबाई दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत राहिल्या. असं उलटं कसं झालं, म्हणाल्या, उद्या परत पाठवू. पण खाट आज एकच होती, आणि बावीस हजार पेशी असलेल्या पोराच्या पुढे लाल चौकोन आला होता. त्यांनी भाविकला टेबलाजवळ हलवलं. दिपिकाला आणखी एक रात्र साध्या गादीवर ठेवावं असं त्यांच्या मनात होतं, पण ताप जाऊन दिवस झाला होता, दाब ठीक होता, खाणंपिणं चाललं होतं, बाहेर पॅसेजमध्ये एक पोरगं फणफणत पडलं होतं, आणि जिव्या हात जोडून घरी सोडा म्हणत होता. कागद हिरवा होता. शेवटी त्या कागदावर भिस्त ठेवून त्यांनी सुट्टी लिहिली. बुधीचा हात हातात घेऊन बजावलं, की पोट दुखलं, उलटी झाली, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार पडले तर तशीच उचलून आण, घड्याळ बघू नकोस.

शेठना हे सगळं सुरुवातीला गोड लागलं. पोराला खाट मिळाली होती, नर्स सारखी त्याचा दाब बघत होती. ते गोदूबाईंना म्हणालेसुद्धा, बघ, आता कसं सरळ आलं. दिपिका बापाच्या खांद्याला धरून वॉर्डातून चालत गेली. जाताना बुधीने गोदूबाईंना सांगितलं, की आता अकलोलीला जाऊन कुंडात अंघोळ घालायची आणि मगच घराचा उंबरा. त्यांच्या घरची रीत होती ती, मोठ्या तापातून उठलेलं माणूस आधी उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्यात न्हायचं. गोदूबाईंनी पोरीच्या गालावरून हात फिरवला.

शेठ कूलरपाशी पाणी प्यायला गेले आणि पेला अर्धा असतानाच त्यांना कळलं.

नंबर बघून लिहीत असते तर पंधरा लाल राहिला असता. तो राहिला नाही. लाल चौकोन रक्ताच्या मागे गेला होता. म्हणजे यंत्र खरं होतं, मनिषा खरी होती, मृणालीबाईंचा शब्द खरा होता. काल जे रक्त लाल आलं तेच आजही लाल आलं होतं, आणि ते रक्त आत्ता रिक्षात बसून अकलोलीला निघालं होतं. समोरचा खोटा निघाला तर काय बोलायचं, हे शेठनी वाक्यासकट ठरवून ठेवलं होतं. तो खरा निघाला तर काय करायचं, हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. सगळ्या जन्मात तशी वेळ कधी आली नव्हती.

आता खरं सांगायचं तर पंढरीशेठ लगेच धावले नाहीत. ते स्टुलावर येऊन बसले. पोरगं समोर चांगल्या खाटेवर होतं. पोरगी तर चालत गेली, हसत गेली. नसेलही काही. यंत्रं चुकतात. आणि तोंड उघडायचं म्हणजे कसं? पंढरी पाटलाने दवाखान्यात चिठ्ठ्या बदलल्या, हे अंजूरपासून काल्हेरपर्यंत संध्याकाळच्या आत पोचलं असतं. पोलीस आले असते. मन एकदा इकडे झुकायचं, एकदा तिकडे. पण ताप उतरल्यावरच होतं, हे मृणालीबाईंचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, आणि ती पोर भाकरीचा तुकडा मोडताना दिसायची. असा तास गेला. त्या तासाची लाज त्यांना पुढे कायम वाटली.

कबूल न करता निस्तरावं, असा मार्ग त्यांनी काढला. मनिषाकडून जिव्याचा फोन नंबर घेतला. तिने कशाला विचारलं, ते म्हणाले डबा राहिलाय त्यांचा. फोन बंद. मग शेठ गोदूबाईंना काहीबाही सांगून गाडी घेऊन एकटेच निघाले. नाक्यावर कंटेनरची रांग, पुढे खड्डे, अंबाडीपर्यंत जीव नुसता टांगणीला.

अकलोलीच्या कुंडावर चार वाजता गर्दी नव्हती. पाच-सहा बायका, दोन म्हातारे, पाण्यावरची वाफ. जिव्या पायरीवर लुंगी पिळत होता. दिपिका वरच्या पायरीवर आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती, केस ओले, कोरड्या लुगड्यात गुंडाळलेली. पोटात दुखतंय म्हणत होती आणि बुधी म्हणत होती, भूक लागली असंल.

शेठनी गाडीतून उतरतानाच सांगून टाकलं, की डॉक्टरीणबाईंनी बोलवलंय, पोरीला परत न्यायची, म्हणून गाडी घेऊन आलोय.

जिव्याने लुंगी खांद्यावर टाकली. तो शांत माणूस होता, आणि शांत माणसांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी असतं. गोदामांचा शेठ स्वतः गाडी हाकत मजुराच्या पोरीसाठी तीस किलोमीटर येतो, हे त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरीणबाय नर्सला धाडंल, नायतर ॲम्बुलन्स धाडंल," तो म्हणाला. "शेठला कशाला धाडंल? तुमच्या पोराला रगत पायजे. पयल्या दिशी तुमी पोरीचा ग्रुप इचारला, तवाच मी समजलो."

शेठनी शपथ घेतली, रक्त नको म्हणाले, भाविकला काही धोका नाही म्हणाले. जेवढं बोलत गेले तेवढा जिव्या मागे सरत गेला आणि पोरीच्या पुढे उभा राहिला. कुंडातल्या बायका पाण्यातून वर बघू लागल्या. आता खोटं पुरणार नव्हतं. पंढरीशेठनी पायरीवर बसकण मारली आणि बोलून टाकलं.

"जिव्या, सकाळी मी नळ्यांवरचे नंबर बदलले. तुझ्या पोरीचा माझ्या पोराच्या नळीवर लावला. मना वाटला तुमी लोकं आन् ती मनिषा मिळून फसवताव. धोका तुझ्या पोरीला हाय, माझ्या पोराला न्हाय. तिला सोडली ती माझ्यामुलं."

 वाफ नुसती वर जात होती. जिव्या त्यांच्याकडे बघत राहिला, रागाने नव्हे, वजन करावं तसं.

"सकाली तुमी खोटा केला," तो म्हणाला. "आता खरा बोलताव, याची खात्री काय?"

पंढरीशेठनी आयुष्यभर लोकांकडे खात्री मागितली होती. भाडेकरूकडे, भाच्याकडे, बायकोकडेही. आज त्यांच्याकडे मागितली गेली आणि द्यायला खिशात काहीच नव्हतं. त्यांना रडू फुटलं. चारचौघांत, बायका बघत असताना, पासष्ट वर्षांचा माणूस पायरीवर बसून रडला.

मग त्यांना मृणालीबाईंनी निघताना बुधीला बजावलेलं आठवलं.

"माझा ऐकू नको," ते म्हणाले. "बुधीबाय, तू पोरीचा हात धर. तुला डॉक्टरीणबायनी सांगितलाय ना? धरून बघ."

बुधीने हात धरला. मग दुसरा धरला. मग लुगडं सारून तळपायाला हात लावला आणि तिथेच थांबली. कढत पाण्यातून पोर आत्ता बाहेर काढली होती, बुधीचे स्वतःचे हात अजून त्या पाण्याने लाल होते. आणि पोरीचे हातपाय विहिरीतल्या दगडासारखे गार, वर चिकट घाम.

"पोर गार हाय," बुधी नवऱ्याला म्हणाली. "कुंडातून काढली तरी गार हाय."

जिव्याचा चेहरा उतरला, पण त्याने एवढ्यावर पोरीला गाडीत घातलं नाही. त्याने शेठना डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितला, आवाज मोठा करून, आणि आत्ता जे बोलले ते सगळं परत बोलायला सांगितलं, आमच्यासमोर. शेठनी लावला. नंबर बदलल्यापासून कुंडापर्यंत सगळं, एकही शब्द न गाळता, बायका-म्हाताऱ्यांच्या देखत सांगितलं.  मृणालीबाई एवढंच म्हणाल्या, की वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबा, मी त्यांना सलाईन तयार ठेवायला सांगते, आणि पोरीला आडवी न्या. तो आवाज खोटा नव्हता, हे जिव्याने ओळखलं. त्याने पोरीला उचललं.

गाडीत बुधी आणि जिव्या मागे बसले, पोर दोघांच्या मांडीवर. शेठनी एकदा मागे वळून पाहिलं तर जिव्याने रस्त्याकडे बोट केलं. आरोग्य केंद्रात नर्सला नाडी सापडायला वेळ लागला. रक्तदाबाचा वरचा आकडा ऐंशीच्या खाली होता. सलाईन लागलं, ॲम्ब्युलन्स आली आणि शेठची रिकामी गाडी तिच्या मागोमाग भिवंडीला परतली.

पोर वाचली. सोपं नव्हतं ते. छातीत पाणी झालं होतं, दीड दिवस मृणालीबाई घरी गेल्या नाहीत, आणि गुरुवारी दुपारी एकदा बुधी पॅसेजमध्ये येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती तेव्हा गोदूबाईंना वाटलं, संपलं. गोदूबाई तिच्याजवळ जायला धजावल्या नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं. त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. भाविकच्या पेशी शुक्रवारी कोणी काही न करता अडुसष्ट हजारांवर आल्या आणि त्याला सुट्टी मिळाली. वॉर्डाच्या दाराबाहेर बापाने आधाराला हात दिला तो त्याने घेतला नाही, भिंत धरून चालत गेला.

मृणालीबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी घडलेलं सगळं लिहून अभ्यासाच्या समितीकडे पाठवलं, शेठकडून जबाब लिहून घेतला आणि वॉर्डाच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. पोलिसांत जायचं की नाही, हे त्यांनी जिव्यावर सोडलं. जिव्या म्हणाला, पोर घरी जाऊ द्या, मग बघू. हे 'मग बघू' शेठच्या मानेवर बसलं ते बसलंच.

शनिवारी सकाळी सातला शेठ दाराबाहेर उभे होते. पोराला सुट्टी झाली होती, तिथे त्यांचं काही काम नव्हतं, तरी आले होते. आत दिपिका उशीला टेकून बसली होती. मनिषाने तिचं रक्त घेतलं, स्टिकर लावलं आणि नळी ट्रेमध्ये ठेवायला गेली. जिव्याने हात पुढे केला. मनिषाने त्याच्याकडे पाहिलं आणि नळी त्याच्या हातात दिली. आपल्या पाड्याच्या मुलीवरही त्याचा विश्वास आता उरला नव्हता. तोही पंढरीशेठनीच घालवला होता.

नळी मुठीत धरून, नंबर अंगठ्याखाली दाबून, जिव्या प्रयोगशाळेकडे निघाला. दारात शेठ होते. ते म्हणाले, "जिव्या, पोर कशी हाय आता?"

जिव्या थांबला नाही. त्याने नळी उजव्या मुठीतून डाव्या मुठीत घेतली, शेठ उभे होते त्या बाजूपासून लांब, आणि पुढे गेला. पंढरीशेठ भिंतीला पाठ लावून उभे राहिले, त्याला जायला जागा राहावी म्हणून.